मास्तरांची बॅटरी

मटण शिजलंय की नाही हे मला चवीवरून सांगता येणार नाही, कारण आयुष्यात कधी ते तोंडात घातलेलं नाही. रंगावरून मात्र सांगते, आणि तेही अंधारात. ही विद्या ज्यांनी मला शिकवली ते सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यात डाईंग मास्तर होते. मी तिथे केमिस्ट, ते माझे साहेब आणि वर माझे घरमालकही. म्हणजे दिवसभर ज्यांची बोलणी खायची, रात्री त्यांच्याच डोक्यावर झोपायचं. माझी खोली वरच्या मजल्यावर होती, एवढाच त्याचा अर्थ.

सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, मीही तेच म्हणायची. कारखाना चिंचोळी एमआयडीसीत आणि घर कुंभारीच्या बाजूला, म्हणजे रोज सगळं सोलापूर ओलांडून जायचं आणि ओलांडून यायचं. कंपनीच्या बसमध्ये त्यांची जागा ठरलेली, पहिली, खिडकीशी. एकदा मी विचारलं, "मास्तर, एवढ्या लांब कशाला घर बांधलंत?"

"हितं गच्ची मिळाली की," ते म्हणाले.

लोक घराची जागा बघताना पाणी बघतात, रस्ता बघतात, शेजार बघतात. मास्तरांनी गच्ची बघितली होती. वरून तारा जायला नकोत, झाडाची फांदी नको, शेजारच्यांची वाळत घातलेली धुणी नकोत, वारं मात्र हवं. कारण दर रविवारी दिवेलागणीनंतर त्या गच्चीवर त्यांची शेगडी पेटायची. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. अक्का सांगायच्या की पाया खणायच्या आधीच मास्तरांनी घराच्या नकाशावर शेगडीचा चौकोन काढून ठेवला होता आणि बाकीचं घर त्याच्याखाली बसवलं होतं.

उंच, वाळके, कानामागे पेन्सिल. नखांच्या कडा कायम निळसर, लग्नाच्या पंगतीत जेवायला बसले तरी. आजोबा तेलंगणातून मागावर बसायला सोलापुरात आलेले, त्यामुळे घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी आणि रागावले की दोन्हीची खिचडी. मी माढ्याकडची. माझ्या कानाला त्यांचं तेलुगू म्हणजे हंड्यात खडे टाकून हलवल्यासारखं वाटायचं, आणि हे मी त्यांना सांगितल्यावर ते महिनाभर माझ्याशी मुद्दाम तेलुगूतच बोलले.

कारखान्यात त्यांचं राज्य एका खिडकीपुरतं होतं. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या कापडाच्या तुकड्याशी आपण रंगवलेला तुकडा जुळतो का, हे बघायचं म्हणजे शेड बघायची. उत्तरेकडच्या त्या खिडकीत एक स्टूल होतं. त्यावर मास्तर बसायचे, दोन तुकडे शेजारी शेजारी धरायचे, आणि एक तर "पास" म्हणायचे किंवा काहीच म्हणायचे नाहीत. काही म्हणाले नाहीत तर तो लॉट परत रंगाच्या टाकीत. त्या स्टुलावर दुसरं कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. एकदा एका नवीन मुकादमाने त्यावर टिफिन ठेवला होता, तर मास्तरांनी टिफिनलाच उभं राहायला सांगितलं.

एका संध्याकाळी सात वाजता खुद्द मालक तुकडा घेऊन आले. बाहेर ट्रक उभा होता.

"मास्तर, एक नजर टाका."

"सकाळी."

"अहो, ट्रक उभा आहे."

"त्याला बसायला सांगा की," मास्तर म्हणाले आणि डबा पिशवीत घालून बसकडे चालू लागले. जाताना वळून एवढंच बोलले, "दिवस मावळला की रंग खोटं बोलतो, मालक."

सकाळी खिडकीत बघितलं तर माल गिऱ्हाइकाच्या तुकड्यापेक्षा चांगला बोटभर लालसर होता. मालक काही बोलले नाहीत, ट्रकवाला बरंच बोलला.

आता बघा, ज्या माणसाचा दिव्याखालच्या रंगावर काडीचा विश्वास नाही, त्याने अंधारात मांस भाजायचा नाद धरावा, हा विनोद होता. मास्तरांना मात्र तो कधीच विनोद वाटला नाही. दिवसा का भाजत नाही विचारलं तर म्हणायचे, "सोलापूरच्या उन्हात शेगडी पेटवली तर मटणाआधी मीच शिजंल." हे खरंच होतं. मग अंधारातच भाजायचं, तर अंधाराशी जमवून घ्यायला हवं. ते त्यांनी कसं जमवलं होतं ते सांगण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट निखारा. कोळशावर पांढरी राख चढेपर्यंत जाळी ठेवायची नाही, पाहुणे भुकेने व्याकूळ झाले तरी नाही. रॉकेलचा थेंब गच्चीवर आणायचा नाही. शेगडीशेजारी वाळूची बादली. कारखान्यातल्या फिटरने एकदा प्रेमाने शेगडीसाठी रिकामा ड्रम अर्धा कापून आणला होता. मास्तरांनी तो वासही न घेता परत पाठवला. "ड्रममधी आपलं केमिकल व्हतं. लोखंड इसरत नसतं," म्हणाले.

दुसरी गोष्ट चिमटे. कच्च्याला लावायचा चिमटा शिजलेल्याला लागता कामा नये. यासाठी लोक लाल दोरा, हिरवा दोरा बांधतील. मास्तर म्हणायचे, अंधारात लाल आणि काळा एकच, तिथे हाताला कळलं पाहिजे. म्हणून कच्च्याच्या चिमट्याच्या मुठीला टॉवेलची किनार गुंडाळलेली आणि शिजलेल्याचा चिमटा उघडा. ताटांचंही तसंच. कच्च्याचं ताट खोलगट, शिजलेल्याचं सपाट. डोळे मिटून हात घातला तरी चूक व्हायची नाही.

आणि तिसरी गोष्ट बॅटरी. निखाऱ्याच्या लाल उजेडात आणि गच्चीवरच्या पिवळ्या बल्बखाली हाडाजवळचा गुलाबी रंग दिसतच नाही, सगळं कसं खरपूस आणि झकास दिसतं. "लाल उजेडात लाल लपतो," हे त्यांचं वाक्य मी हजार वेळा ऐकलंय. म्हणून पांढऱ्या उजेडाची बॅटरी हवी. ती घ्यायला ते फिक्या गुलाबी टॉवेलचा एक तुकडा खिशात घालून नव्या पेठेत गेले होते आणि दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत एकेक बॅटरी त्या तुकड्यावर मारून बघत होते. पाचव्या दुकानदाराने विचारलं, "काका, टॉवेल घ्यायचाय का बॅटरी?" मास्तर म्हणाले, "मटण खायचंय." दुकानदाराने त्यापुढे काही विचारलं नाही म्हणे.

प्रत्येक सळईवर ओवलेल्यांतला सगळ्यात जाड तुकडा काढायचा, हाडापर्यंत सुरी घालायची, त्यावर बॅटरी मारायची आणि मोठ्याने विचारायचं, "काय दिसतंय?" आतून येणारं पाणी नितळ हवं आणि मांस कुठेही गुलाबी नको. मगच सळई सपाट ताटात.

आता यात माझा संबंध कुठे येतो? माझे वडील माळकरी. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात चोरून यायचा. खोली भाड्याने घेतली तेव्हा मला शेगडीचा पत्ता नव्हता. पहिल्या रविवारी वास आला आणि मी दार लावून, पंखा पूर्ण सोडून, आत बसले. थोड्या वेळाने दारावर टकटक. मास्तर, हातात बॅटरी.

"केमिस्टबाई, जरा वर या."

"मी खात नाही, मास्तर."

"म्हून तर बोलवाय आलो."

मला काही समजेना. मग त्यांनी सांगितलं. गच्चीवर जमलेला प्रत्येक जण भुकेला असतो, ते स्वतःसुद्धा. भुकेल्या माणसाला कच्चं शिजलेलं दिसतं. डोळा पोटाचं ऐकतो. ज्याला खायचंच नाही त्याचाच डोळा खरा. "इतकी वर्सं असा माणूस शोधतोय मी," ते म्हणाले. "आमच्या गल्लीत न खाणारं कोण सापडंना."

तेव्हापासून दर रविवारी गच्चीवर मी बॅटरीवाली. नाकाला ओढणी लावून मी उजेड मारायची आणि दिसेल ते सांगायची, मग मास्तर वाकून बघायचे आणि निकाल द्यायचे. माझ्यासाठी वेगळी छोटी जाळी होती, वेगळ्या निखाऱ्यावर. तिच्यावर वांगं, कणीस, ढोबळी मिरची, जे असेल ते. त्या जाळीला मांसाचा चिमटा चुकून लागला तर जाळी घासून, धुऊन, उन्हात ठेवायची आणि त्या रविवारी मला पिठलं, असा कायदा होता. तो त्यांनीच केला होता, मी मागितला नव्हता.

एकदा वडील न कळवता आले, नेमके रविवारी. मास्तरांनी त्या दिवशी मोठी शेगडी पेटवलीच नाही. माझ्या छोट्या जाळीवर चार वांगी भाजली, अक्कांनी भाकरी थापल्या, आणि दोघं म्हातारे गच्चीवर बसून पाऊस, ऊस आणि जावई या विषयांवर तासभर बोलले. निघताना वडील मला हळूच म्हणाले, "माणूस शिस्तीचा हाय. ऱ्हा हितंच." वडील गेल्यावर मास्तर अक्कांना म्हणाले की आज पहिल्यांदा बॅटरीला सुट्टी मिळाली.

बॅटरीच्या नोकरीत मी एक घोडचूक केली. बॅटरी हातात आल्यावर दुसऱ्याच रविवारी. मास्तर खाली कुणाशी तरी फोनवर बोलत होते, शेगडीवर अक्का. फिटर ताट घेऊन उभा. मी उजेड मारला, अक्कांनी तुकडा उघडून बघितला आणि दोन्ही बाजूंना मान हलवत म्हणाल्या, "पच्ची, पच्ची."

मी मराठी बाई. मला ऐकू आलं ते "पचतंय, पचतंय." मानेचं ते हलणं तर आमच्या सोलापुरात होकारही असतं आणि नकारही, ज्याला जे हवं ते घ्यावं. मी फिटरला म्हटलं, "घ्या, पचेल म्हणतायत." अक्का मसाला आणायला वळल्या होत्या. फिटरने चार तुकडे उभ्या उभ्या संपवले.

पच्ची म्हणजे तेलुगूत कच्चं. हे मला सोमवारी कळलं, फिटर कामावर आला नाही तेव्हा. त्याला सलाईन लावलं होतं. मला वाटलं, मास्तर आता खोली रिकामी करायला सांगणार. तसं झालं नाही. तीन दिवस रोज संध्याकाळी मला बरोबर घेऊन ते फिटरच्या घरी भाताची पेज पोचवायला गेले. पेजेचा डबा मी धरायचा. तिसऱ्या दिवशी परत येताना म्हणाले, "एक तेलुगू शब्द शिक. एकच पुरं हाय." मी शिकले. आजही तेलुगूत माझी मजल तेवढीच आहे.

अशी दोन वर्षं गेली, तिसरं लागलं. दिवाळीच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की मास्तर वाकून बघायच्या आधीच विचारतात, "काय दिसतंय?" आणि मी सांगितलं की नुसती मान हलवतात. आधी मला वाटलं, आपल्यावर विश्वास बसला. जरा मिरवलेसुद्धा. मग एके दिवशी खिडकीत त्यांनी एक पांढरा आणि एक मोतिया तुकडा शेजारी धरला आणि म्हणाले, "पास." मी गोंधळले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "तुला काय वाटतं?" मास्तरांनी शेडबद्दल दुसऱ्याला काय वाटतं हे विचारलं, तेव्हा मी खरी घाबरले. त्यांच्या डोळ्यांत दुपारच्या उन्हात मला एक मळकट झाक दिसली होती. आमच्या आजीच्या डोळ्यांत होती तशी.

मी कुणाला बोलले नाही. मास्तर चहाला गेले की पास झालेले तुकडे मी परत खिडकीत धरायची. चुकीचा असला तर काहीतरी कारण काढून लॉट थांबवायची. निवृत्तीचं वय उलटून गेलेलं असूनही मास्तर नोकरीत होते ते फक्त त्या डोळ्यांमुळे. कंपनी दरवर्षी एकेक वर्ष वाढवून देत होती. ती खिडकी गेली तर हा माणूस उरेल काय, असं मला वाटायचं. आज सांगते, मला त्यांचा फार लळा लागला होता.

मार्चमध्ये त्यांची मुलगी बाळंतपणासाठी आली. सातवा सरलेला. डॉक्टरांनी बजावलं होतं की कच्चं-अर्धकच्चं काही म्हणजे काही पोटात जाता कामा नये, आधीच दोनदा दवाखान्यात राहून आली होती. आणि तिला डोहाळे कसले, तर बापाच्या शेगडीवरच्या कोंबडीचे. त्याच रविवारी कारखान्याचे मॅनेजर जेवायला येणार होते. ते कोल्हापूरकडचे, नवीन, खायचे शौकीन. पुढच्या वर्षाच्या मुदतवाढीचं पत्र ते खिशात घालूनच येणार, असं मास्तरांना कुणीतरी सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी गच्चीवर पाचच माणसं होती. मास्तर, अक्का, त्यांची मुलगी, मॅनेजर आणि मी. निखारे छान पांढरे झाले, सळया चढल्या. मी बॅटरी पुढे केली तर मास्तरांनी ती माझ्या हातातून घेतली.

"आज मी बघतो," ते म्हणाले.

मॅनेजर कौतुकाने म्हणाले, "मास्तर, तुमच्या डोळ्याबद्दल पुण्यापर्यंत ऐकून आहे मी."

मास्तरांनी जाड तुकडा काढला, हाडापर्यंत सुरी घातली, बॅटरी मारली. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "झालं," आणि पहिली सळई मुलीच्या ताटात उतरवली.

मी शेजारीच उभी होते. हाडाला लागून चांगला गुलाबी पट्टा होता. फिक्या गुलाबी टॉवेलच्या त्या तुकड्याच्या रंगाचा.

मुलीने तुकडा उचलला. बोलावं तर मॅनेजरांसमोर मास्तरांचा डोळा गेला. न बोलावं तर तिच्या पोटात जाणार. माझ्या जिभेवर तेलुगूचा जो एकच शब्द होता तो बाहेर पडला.

"पच्ची!"

मुलीचा हात जिथल्या तिथे थांबला. अक्कांच्या हातातलं लिंबू खाली पडून घरंगळत गेलं. मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. बॅटरी अजून पेटलेलीच होती आणि तिचा उजेड त्यांच्या चपलांवर पडला होता.

मॅनेजर मोठ्याने हसले. "पचेल हो, पचेल! आम्ही कोल्हापूरकर, आम्हाला दगड पचतात."

मग मास्तरांनी मुलीच्या ताटातली सळई उचलली. "लिंबू ऱ्हायलं की, बिड्डा," लेकीला लाडाने म्हणाले आणि सळई परत जाळीवर ठेवली. तुकड्याला लागलेलं ताट, चिमटा, सगळं खाली पाठवलं. बॅटरी माझ्या हातात दिली. त्यानंतर प्रत्येक तुकडा मी बघितला. मॅनेजरांनी पोटभर खाल्लं, पत्र दिलं, मास्तरांच्या हाताची स्तुती केली आणि गेले.

मी निखाऱ्यांवर वाळू टाकत होते. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते, खोटं कशाला बोलू. मुलगी वाचली, अब्रू वाचली, पत्रही मिळालं. मास्तर येऊन कठड्यावर बसले.

"कवापासनं कळलं तुला?"

"दिवाळीपासून."

"कारखान्यातलं?"

"तुम्ही चहाला गेलात की मी परत बघते."

मग म्हणाले, "तेलुगूत कशाला बोललीस?"

"मॅनेजरांना कळू नये म्हणून."

"आन् त्येंच्या ताटात पच्ची पडलं असतं तर? त्येंच्या घरी पोरंबाळं न्हाईत?" त्यांचा आवाज चढला. "माझी अब्रू राखलीस, व्हय. लई उपकार. पर माझ्या अब्रूपायी चार म्हयनं कारखान्यात लपवलंस, आज गच्चीवर लपवलंस. तुला बॅटरी कशाला दिली मी? दिसलं की वरडायचं. मराठीत वरडायचं, समद्यांना कळंल असं. माझं असलं तरी."

मी रडायला लागले. त्यांनी समजूत घातली नाही. अक्का वर आल्या आणि त्यांनी दोघांनाही झोपायला पिटाळलं.

सोमवारी बसमधून उतरल्यावर मास्तर खिडकीत गेलेच नाहीत, सरळ मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. मला बरोबर उभं केलं. पत्र टेबलावर ठेवलं.

"साहेब, डोळं पिकल्यात माझं. काल तुमच्या ताटात कच्चं येणार व्हतं. ह्या पोरीनं थांबवलं."

मॅनेजरांचा हात आपोआप पोटावर गेला. "म्हणजे ते पच्ची..."

"कच्चं, साहेब. पचंल न्हवं." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "खिडकीत आता हिला बसवा. हिला हाताखाली ठिऊन माझ्या चुका झाकाय लावू नका."

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या स्टुलावर बसले. मास्तर मागे उभे होते. माझ्या सगळ्या नोकरीचं, आज इचलकरंजीत जी माझी प्रयोगशाळा आहे तिचंही मूळ त्या स्टुलात आहे.

दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर घरी आले, पुढच्या खोलीत उभे राहिले आणि कडाडले, "ह्या भिंतीला निळा कुणी दिला?"

"तुमीच की!" अक्का म्हणाल्या. "पांढरा म्हून."

आम्ही सगळे हसलो. ती भिंत खरंच फिकट निळी होती आणि आम्हाला वाटायचं, मास्तरांनी काहीतरी विचार करूनच दिला असेल. मास्तरांच्या रंगाला नाव कोण ठेवणार? हसता हसता मी बघितलं तर ते खुर्चीत बसले होते, भिंतीकडे बघत. भिंत दोन वर्षांपूर्वी रंगवलेली.

"दोन वर्सं," ते हळूच म्हणाले. "आन् एक माणूस बोललं न्हाई."

भिंत त्यांनी पुढे कधीच रंगवून घेतली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, ऱ्हाऊ दे, मला बघायला बरी हाय.

नवीन डोळे आल्यावर मी बॅटरी परत करायला गेले. आता त्यांना माझ्यापेक्षा चांगलं दिसत होतं.

"तू खाया लागलीस काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच."

लग्न होऊन इचलकरंजीला आले तेव्हा बॅटरी गच्चीच्या दाराजवळच्या खिळ्याला अडकवून आले. घर सुटलं याचं मला माहेर सुटल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं, हे माझ्या आईला मी अजून सांगितलेलं नाही. इथे आमच्या इमारतीच्या गच्चीवर थर्टीफर्स्टला लोक बार्बेक्यू करतात, रंगीबेरंगी दिवे लावून. मी वर जातच नाही. गेले तर उपाशी पोटाने बॅटरी मागत फिरेन आणि नवऱ्याला सोसायटीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

गेल्या रविवारी फोन आला, व्हिडिओ कॉल. मास्तरांची नात. त्या मार्चमध्ये जिचा जीव आईच्या पोटात होता, ती आता तेरा वर्षांची, दोन वेण्यांची. सुट्टीला आजोळी आली होती. मागे शेगडी, धूर, माणसांचा गलका.

"मावशी, आई म्हणते तुला विचार. काय दिसतंय?" आणि तिने सळई फोनसमोर धरली.

पडद्यावर सगळं नारिंगी. झकास, खरपूस.

"फोनवर रंग खोटा दिसतो गं," मी म्हटलं. "बॅटरी कुठे आहे?"

"खिळ्याला आहे. पण बघणार कोण?"

"तिथे न खाणारं कोण आहे?"

"कुणीच नाही. सगळे खातात." मग थांबून म्हणाली, "आजोबा तेवढे नाहीत. डॉक्टरांनी बंद केलंय त्यांचं."

फोन वळला. कोपऱ्यात खुर्ची होती. खुर्चीत मास्तर, आधी होते त्याच्या निम्मे. मांडीवर ताट, ताटात भाजलेलं वांगं. शेजारी माझी छोटी जाळी.

"मग बॅटरी त्यांना दे," मी म्हटलं.

पावलं वाजली. मग अंधारात पांढरा उजेड पडला. मी स्वयंपाकघरात उभी होते, गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं तरी मी हलले नाही. मग आवाज आला, पातळ झालेला, पण सगळ्या गच्चीला ऐकू जाईल असा आणि मराठीत.

"कच्चं हाय! ठिवा परत जाळीवर!"